खुंटापाशी पाणी दाट झालं

मी एक जुनी पाणकीड आहे, मित्रांनो. 'जुनी' ऐकून हसू नका. माझा आकार खसखशीच्या दाण्याएवढा, आणि माझ्या जातीचं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं. तरीही मी जुनी आहे, कारण जन्माला येण्याआधी मी वर्षानुवर्षं अंड्यातच निजले होते. तुमच्यातले बरेच जण तेव्हा पाळण्यातसुद्धा नसतील.

पुस्तकात आम्हाला कोपेपॉड म्हणतात. खेकडे आणि झिंगे ही आमची थोरली भावकी. आमची धाकटी पाती जगभर पसरलेली आहे. काही बहिणी म्हणे पृथ्वीच्या पार टोकाला, बर्फाखालच्या खाऱ्या तळ्यांत राहतात, तर काही समुद्राच्या काठाकाठाने फिरतात. तिथल्या गारठ्यात त्या कशा तगतात, त्यांचं त्यांना ठाऊक. मी आपली गडचिरोली जिल्ह्यातली, आरमोरीपासून आत, जंगलाच्या कडेला असलेल्या कोसमतलावातली. तलावाच्या एका बाजूला मातीची मोठी पाळ आहे, पाळीखाली धानाच्या बांध्या आहेत आणि पलीकडच्या बाजूला जंगल थेट पाण्यात उतरलेलं आहे. इथले ढिवर पिढ्यान्‌पिढ्या मासोळी धरतात. आम्हाला ते वेगळं नाव देत नाहीत. आम्हा सगळ्यांना मिळून ते 'चारा' म्हणतात, मासोळीचा चारा. हे नाव काही फार मानाचं नाही, पण खोटं म्हणता येत नाही.

मला डोळा एकच आहे. त्याला उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं काही कळत नाही. पण माझ्या मिशांना पाण्यातला बारीकसा हादराही कळतो. माणसं काठावर बोलली की ते पाण्यातून येतं आणि डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसून बोलली तर लाकडातून अगदी स्वच्छ येतं. तेव्हा मी जे सांगते ते पाहिलेलं कमी आणि हादऱ्यांवरून कळलेलं जास्त आहे.

माझ्या आईने मला अशा वर्षी टाकलं, जेव्हा पाणी आटत चाललं होतं. अशा वेळी आम्ही कठीण कवचाची अंडी घालतो. ती तळाशी जातात आणि बरे दिवस येईपर्यंत पडून राहतात. माझे बरे दिवस काही लवकर आले नाहीत. माझ्यावर गाळ बसला, गाळावर पानं बसली, त्यांच्यावर पुन्हा गाळ. जवळच येनाच्या झाडाचा एक खुंट होता. तलाव वाढवला तेव्हा ते झाड पाण्यात गेलं, वाळलं, मोडलं आणि खुंट तेवढा तळाशी राहिला. त्या खुंटाच्या मुळाशी मी निजले होते. कोणी उठवलं नसतं तर आजही तिथेच असते.

मला लटारूने उठवलं.

लटारू हा गावातला ढिवर, तिशीतला, पोहण्यात पटाईत. त्या दिवशी तान्हा पोळा होता. गावातली लेकरं लाकडी बैल सजवून गल्लीत हिंडत होती, मोठी माणसं त्यांच्या मागे होती आणि तलावावर चिटपाखरू नव्हतं. आदल्या दिवशी लावलेलं जाळं काढायला लटारू एकटाच डोंगा घेऊन आला. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं खुंटात अडकलं होतं. ओढून निघेना, म्हणून तो ते सोडवायला खाली उतरला. तंगूस पाण्यात दिसत नाही, मित्रांनो. मासोळीला दिसत नाही तसा माणसालाही दिसत नाही. आधी त्याचा पाय गुंतला, मग पाय सोडवायला गेलेला हात गुंतला.

त्याच्या धडपडीने तळ ढवळला. वर्षांचा गाळ उठला आणि त्याबरोबर माझं अंडंही वर आलं. अंड्याला उजेड लागला, ताजं पाणी लागलं. पुढे एक-दोन दिवसांत मी कवच फोडून बाहेर आले. ते हादरे मला अजून आठवतात. पण ते अंड्यात असताना मला खरंच कळले होते, की नंतर ऐकलेल्या गोष्टीवरून मीच ते रचले, हे मला सांगता येत नाही. एवढं खरं, की एक माणूस जीव सोडत होता आणि त्याच घटकेला माझ्यात जीव येत होता. असा जन्म कोणाच्या वाट्याला येऊ नये.

डोंगा रिकामा झाला तसा वाऱ्याने त्याला हळूहळू ढकललं. तो तलाव ओलांडून पाळीकडच्या खोल पाण्यात गेला आणि तिथल्या बेशरमीच्या झुडपात अडकून थांबला. तिन्हीसांजेला गावाला तो तिथे सापडला.

आता या गावात एक जुनी समजूत आहे. तलावाने माणूस घेतला की तो डोंगा त्याच्या डोक्यावर आणून उभा करतो; म्हणजे डोंगा जिथे थांबतो, त्याखालीच माणूस. आजवर दोन-तीनदा तसं घडलंही असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तसं. पण समजूत एकदा बसली की ती गाळापेक्षा घट्ट बसते. गावाने पाळीकडचं पाणी पिंजून काढलं. तालुक्याहून रबरी बोट घेऊन माणसं आली. त्यांनीही गावाने बोट दाखवलं तिथेच गळ टाकले. काखेत कळसा नि गावाला वळसा! लटारू खुंटापाशी होता आणि शोध तलावाच्या दुसऱ्या टोकाला चालला होता. आम्ही सगळ्या ते हादरे ऐकत होतो. कोणीच इकडे वळलं नाही.

माणूस मिळाला नाही, तेव्हा तोंडं सुटली. यंदा लवकरच कोणी मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. त्यातल्या एकाने म्हणे लटारूसारखा कोणी पाहिला. मग काय, घाटावर रोज तेच. डोंगा सोडून पळाला, तिकडे दुसरं घर केलं असेल, पोहणारा माणूस बुडतो का कधी! मेलेल्या माणसाला पळपुटा ठरवायला लोकांना फारसा वेळ लागत नाही. मला त्यांचा फार राग येई. पण माझं तोंड फक्त खाण्यापुरतं आहे.

आणि मी खात होते, मित्रांनो. हे सांगायला जड जातं, पण लपवून काय उपयोग? पाण्यात जे कुजतं त्याचं खत होतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारं हिरवं पीक येतं आणि ते पीक हेच आमचं अन्न. त्या पावसाळ्यात खुंटापाशी जेवढं पीक आलं तेवढं तलावात कुठेच नव्हतं. मी कात टाकत गेले, वाढत गेले. माझ्यासारख्या हजारो-लाखो तिथे जमल्या. आमच्या मागे बारक्या मासोळ्या आल्या, त्यांच्यामागे थोरल्या आल्या. दिवेलागणीला आम्ही वर चढायचो तेव्हा लटारूचा दुपट्टा पाण्यात हलत असायचा. वारा नसला तरी हलायचा. मी त्याच्या खालून जायची आणि प्रत्येक वेळी माझ्या मिशा आखडायच्या. जे खाऊन वाढले त्याचीच भीती वाटायची.

नीलाबाई ही लटारूची बायको. ती घाटावर यायची. भांडी घासून झाली की गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि कोणी नाही असं बघून बोलायची.

"हायेस का तू इथी? का खरंच गेलास? जे असंन ते सांग, मी रडनार नाई."

रोज तेच विचारायची. कुंकू लावावं की पुसावं, एवढंही तिला ठरवता येत नव्हतं. नवरा मेला म्हणावं तर माणूस नाही, जिवंत म्हणावं तर रिकामा डोंगा दारात उलटा पडलेला. जत्रेत हरवलेल्या लेकरासारखी ती जागच्या जागी उभी होती. मी दूर खुंटापाशी होते आणि तिचा आवाज पाण्यातून माझ्यापर्यंत यायचा. आमच्या दोघींमध्ये सगळा तलाव होता.

दिवाळी जवळ आली तसा ढिवरांचा धीर सुटला. चाल अशी, की तलावाने माणूस घेतला तर त्याची क्रिया होईपर्यंत त्यात जाळं पडत नाही. सगळ्यांच्या चुली या तलावावर. शेवटी वारलूभाऊंनी घाटावर बैठक बोलावली. वारलूभाऊ म्हणजे ढिवरांतले थोरले, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. माणूस काही वाईट नाही, पण एकदा बोलले की बोलले.

"माणूस भेटत नाई तं पळसाचा माणूस करा लागते," ते म्हणाले. "पळसाची पानं बांधू, त्याले लटारू म्हणू, अन् आग देऊ. तोही सुटंन, तूही सुटशीन. पानीबी मोकळं होईन."

"पळसाले आग दिली अन् उद्या तो मिरचीच्या वावरातून आला तं?" नीलाबाईने विचारलं.

"तो काई मिरचीत नाई. तो पाळीखाली हाय. डोंगा तिथीच थांबला होता."

"मंग काऊन नाई भेटला?"

नीलाबाईची सासू अंजनाबाई कडेला बसली होती. तिचाच तो मुलगा. ती हळूच म्हणाली, "नीला, हो म्हन बाई. माहा जीव टांगला हाय. पानाचा तं पानाचा, पन मले त्याले पोचवू दे."

नीलाबाई म्हणाली, "तुमी पळस बांधा, आई. पन आगीच्या आधी मले एकडाव पानी पाहू द्या. सगळं पानी."

सगळं पाणी पाहायचं म्हणजे डोंग्यात बसायचं. आणि कोसमतलावावर बाईने डोंग्यात पाय ठेवायचा नाही अशीही एक चाल आहे. वारलूभाऊंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई डोंग्यात बसली तं पानी रुसते."

"अजून किती रुसंन, भाऊ? माहा माणूस घेऊन बसलं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर पळसाचा माणूस बांधून तयार होता. पानांचं डोकं, पानांचे हातपाय, त्यावर नवं धोतर. सगळा गाव जमला होता. नीलाबाईने घरचा तो उलटा डोंगा चौघांकडून पाण्यात लोटवला आणि त्यात चढली. एकटीला सोडणं बरं दिसेना, म्हणून वल्हवायला वारलूभाऊ तोंड फिरवून पुढे बसले.

आता ढिवरांची एक रीत सांगते. जाळं टाकण्याआधी ते ओंजळभर पाणी घेऊन उन्हासमोर धरतात. ओंजळीत बारीक ठिपके उड्या मारताना दिसले की इथे चारा आहे. चारा आहे तर मासोळी आहे. पाणी नुसतंच निवळ दिसलं तर पुढे जायचं. नीलाबाई ढिवराघरची लेक आणि ढिवराघरची सून. जाळं टाकायला तिला कधी मिळालं नाही, पण पाणी वाचायला तिला येत होतं. ती आधी पाळीकडे गेली, जिथे डोंगा सापडला होता. ओंजळ भरली आणि उन्हाकडे धरली. पाणी निवळ. थोडं पुढे जाऊन पुन्हा पाहिलं, तरी निवळ.

"काय पाहून राह्यली?" वारलूभाऊंनी विचारलं.

"गेल्या साली गुणाबाईच्या म्हशीचं हेलं पान्यात मेलं होतं, ध्यानात हाय ना? तिथी चारा कसा दाट झाला होता. मासोळी उसळून राह्यली होती." तिने ओंजळ सोडून दिली. "इथी काईच नाई, भाऊ. इथी कोनी नाई."

वारलूभाऊंना तिचं म्हणणं कळलं. वल्हं त्यांच्या हातात तसंच राहिलं. मग त्यांनी डोंगा पुढे घेतला.

घाटापासून जंगलाच्या कडेपर्यंत नीलाबाई ओंजळी भरत आली. ओंजळ उन्हाकडे धरायची, बघायची, पाणी सोडून द्यायची. डोंगा आमच्याकडे येतोय हे मला हादऱ्यांवरून कळत होतं. त्या वेळी आम्ही सकाळच्या उजेडापासून खाली सरकायला हवं होतं. मी गेले नाही. का गेले नाही, ते मला सांगता येत नाही. डोंग्याची सावली आली, पाण्यात दोन हात उतरले आणि मी त्यांच्यात उचलली गेले.

मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा तलावाबाहेर होते. तिच्या ओंजळीत माझ्यासोबत शेकडो बहिणी होत्या. ऊन थेट अंगातून आरपार जात होतं. मला ओरडून सांगायचं होतं, की होय, आहे, इथेच आहे, तो कुठेही गेला नव्हता. मी काय करणार? जी उडी मला येते तीच मारली. सगळ्या मारत होत्या.

ती किती तरी वेळ बघत राहिली. ओंजळीतलं पाणी गळत गळत संपत आलं, तसे तिने हात अलगद पाण्यात बुडवून आम्हाला सोडलं. डोंग्याभोवती बारक्या मासोळ्या उकळत्या आधणासारख्या उसळत होत्या.

"भाऊ," ती म्हणाली, "इथी पहा."

"डोंगा तं तिकडं थांबला होता. तलाव खोटं बोलत नाई, नीला."

"तलाव नाई बोलत. डोंगा बोलते. तो वाऱ्याचा चाकर हाय."

वारलूभाऊंनी अंगातला सदरा काढला आणि कोयता दातात धरून उडी घेतली. वय झालेला माणूस, पण तिसऱ्या बुडीला त्यांना खुंट सापडला. वर आले तेव्हा त्यांच्या मुठीत दुपट्ट्याची चिंधी होती. डोंग्याच्या काठाला धरून नुसते हुंदके देत राहिले आणि ते सगळे हुंदके लाकडातून खाली आमच्यात उतरले.

तंगूस कापून लटारूला वर काढलं तेव्हा त्याच्यात फारसं काही उरलं नव्हतं. कमरेचा करदोडा तेवढा शाबूत होता. त्याची गाठ नीलाबाईने ओळखली, कारण ती तिनेच पोळ्याच्या आंघोळीनंतर बांधून दिली होती. ती घाटावर उतरली, खाली वाकली, ओंजळभर पाण्याने तिने स्वतःच कपाळ धुतलं. कोणाला हात लावू दिला नाही. "पळाला नव्हता," एवढंच ती जमलेल्या लोकांकडे बघून म्हणाली. त्यातल्या कितीजणांनी मान खाली घातली ते मला दिसलं नाही. पळसाचा माणूस सोडवून त्याची पानं बाजूला ठेवली गेली आणि त्याच्यासाठी रचलेल्या लाकडांवर खरा माणूस गेला.

अस्थी वैनगंगेत सोडल्या. वारलूभाऊ म्हणाले होते, की तलावाचा माणूस तलावातच राहू द्या. नीलाबाई म्हणाली, "लय दिवस एका जागी बांधून होता. आता वाहू द्या त्याले." ते सगळ्यांना पटलं. सगळा लटारू वैनगंगेत गेला असं गाव समजतं.

पण सगळा गेला नाही, मित्रांनो. थोडा माझ्यात आहे. माझ्यावर जगलेल्या मासोळ्यांत आहे. आता माझे दिवस भरले आहेत. माझ्या शेपटाशी लटकलेली अंडी मी कालच खुंटाच्या गाळात सोडली, त्यांच्यातही आहे. एखाद्या वर्षी त्यांना कोणी उठवील. तो हात जाळं लावणाऱ्याचा असला तर त्याने आधी खालच्या खुंटाची माहिती काढावी, एकट्याने उतरू नये आणि काठावर कोणाला तरी सांगून यावं, एवढीच माझी विनंती आहे. तुम्हालाही तीच. आणि पाणी वरवर बघून कोणाबद्दल काही ठरवू नका. पाण्यात जे जातं ते नाहीसं होत नाही. ते कोणाच्या ना कोणाच्या अंगात जातं. म्हणून पाण्याला जपा, त्यात काय टाकता ते जपून टाका.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी तलावात जाळं पडलं. रीतीप्रमाणे पहिल्या खेपेतला लटारूचा वाटा वारलूभाऊंनी नीलाबाईच्या घरी पोचवला. यंदाची रोहू खुंटाकडचीच होती, भरलेली, जाड. ती कशावर वाढली हे सगळ्या ढिवरांना कळत होतं. वाटा देताना वारलूभाऊंनी नीलाबाईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती घेणार नाही असंच सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई घाटावर भांडी घासत होती. वारलूभाऊ पाळीवरून खाली आले आणि जरा अंतरावर उभे राहिले.

"फेकली का?" त्यांनी विचारलं.

"नाई. रांधली."

"खाल्ली का तिनं?"

अंजनाबाईच्या हातातली कढई पाण्यात टेकली, तिचा हादरा मला आला. "माह्या घशाखाली उतरेना, भाऊ," ती म्हणाली. "मी ताट सारलं. तिनं माहंबी ताट आपल्याकडं ओढलं. सगळं खाल्लं. काट्याले लागलेलं बारीक बारीक सुदिक वेचून खाल्लं."

"रडली?"

"नाई. म्हन्ली, आई, दोन महिन्यांनं घरी आला. त्याले ताटात कसं टाकू?"